नावाभोवतीचा गोल

मघापासून शिट्ट्यांची रंगीत तालीम करणाऱ्या मित्रांनो,

कृषी महाविद्यालयाच्या संमेलनात हा सिनेमावाला कशाला, असं वाटलं असेल. पण मी शेतकऱ्याच्याच सिनेमाबद्दल बोलणार आहे. ‘व्हिवा झपाटा!’, 1952. दिग्दर्शक एलिया कझान, पटकथा जॉन स्टाइनबेकची, झपाटा झालाय मार्लन ब्रँडो.

मेक्सिकोतल्या मोरेलोस प्रांतात उसासाठी जमीनदारांनी गावांच्या जमिनी गिळलेल्या. गावकरी गाऱ्हाणं घेऊन राष्ट्राध्यक्ष दियाझकडे येतात. तो त्यांना लेकरं म्हणतो आणि धीर धरायला सांगतो. एक तरुण, म्हणजे झपाटा, मात्र हटत नाही. दियाझ त्याचं नाव विचारतो आणि यादीतल्या त्या नावाभोवती गोल काढतो.

या तरुणाला पुढारी व्हायचंच नसतं. त्याला प्रेयसी होसेफाशी लग्न करायचंय, बरी नोकरी हवीय. लोकच त्याला ओढून पुढे आणतात. क्रांती होते आणि पुढे तो दियाझच्याच खुर्चीत बसतो. गावची माणसं पुन्हा येतात. तक्रार त्याच्याच भावाविरुद्ध. एकजण तोंडावर बोलतो. झपाटा त्याचं नाव विचारतो, गोल काढतो आणि स्वतःचाच हात पाहून चपापतो. त्याच पावली खुर्ची सोडून गावी निघतो.

सांस्कृतिक सचिव, संमेलनाच्या नाटकातून कुणाकुणाची नावं कापलीत, जरा आठवा!

झपाटाच्या खुर्चीचा हा प्रसंग मात्र पटकथेतला. खरा एमिलियानो झपाटा राष्ट्राध्यक्ष झालाच नाही. 1914 च्या डिसेंबरात राजधानी मेक्सिको सिटी क्रांतिकारकांच्या हाती आली, तेव्हाच्या प्रसिद्ध फोटोत राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीवर दुसरा क्रांतिनेता पांचो व्हिया आहे, झपाटा शेजारी. सिनेमात तो निरक्षर दाखवलाय. प्रत्यक्षात त्याला वाचता येत होतं. 1909 मध्ये अनेनेक्विल्को गावानं त्याला प्रमुख निवडलं आणि जमिनीचे जुने कागद त्याच्या हवाली केले. मला ब्रँडोपेक्षा हा कागद वाचणारा झपाटा जास्त आवडतो. 10 एप्रिल 1919 ला चिनामेकात त्याला दगा देऊन मारलं.

नंतर त्याच देशात आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पोचले. ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, तिथे मक्यावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ झाले. चापिंगोच्या ज्या कृषी विद्यालयात ते शिकवत, तिथल्या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर चित्रकार दिएगो रिव्हेरानं मक्याच्या पिकाखाली पुरलेला झपाटा रंगवलाय.

वीणा गवाणकरांनी खानखोजेंचं चरित्र लिहिलंय. प्राचार्य, ग्रंथालयात नसेल तर माझ्या मानधनातून दोन प्रती घ्या.