अण्णांची सुट्टी

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज वडिलांबद्दल बोलायचंय. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. 2022 मध्ये ते गेले. 56 वर्षांचे होते.

अण्णा मूळचे सिल्लोड तालुक्यातले. 1972चा दुष्काळ पडला तेव्हा सहा वर्षांचे होते. आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायचे. पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी. भाकरी पांढरी दिसली की अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, "ही खरी ज्वारी."

1988ला ते औरंगाबादला आले. वाळूजला 1985मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला होता. आजूबाजूला सुटे भाग बनवणारी वर्कशॉप निघत होती आणि गावोगावची पोरं तिकडं चालली होती. अण्णा एका प्रेस शॉपमध्ये लागले. ठेकेदाराकडून.

आता गंमत बघा. काम शहराच्या पश्चिमेला, आणि खोली घेतली उत्तरेला, हर्सूलला! रोज सगळं शहर ओलांडून सायकल. मी एकदा विचारलं, "अण्णा, वाळूजलाच का नाही राहिलात?" तर म्हणे, "सिल्लोडची एसटी इथूनच जाती ना. गावाकडून निरोप आला तर टी पॉइंटला जाऊन उभं राहायचं, बस्स." माणूस शहरात आला, पण परतीची वाट त्यानं दारासमोर ठेवली होती.

ते गेल्यावर आईसाठी पीएफचं काम काढलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डेटा जुळवणं हेच माझं रोजचं काम. वाटलं, अर्ध्या तासात होईल. लॉगिन केलं तर सहा ठेकेदारांच्या सहा नोंदी. एकाकडं आडनाव आधी, एकाकडं आजोबांचं नाव गायब, एकाकडं जन्मसालच वेगळं. ऑफिसात अशी नोंद आली की मी बिनदिक्कत 'मिसमॅच' म्हणून बाजूला टाकतो. इथं त्या मिसमॅचला माझ्या बापाचं नाव होतं.

मग सर्व्हिस हिस्टरी उघडली. नोकरी लागल्याची तारीख, सुटल्याची तारीख. मध्ये गॅप. परत नोकरी, परत गॅप. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात 240 दिवस भरले की सलग एक वर्षाची नोकरी धरली जायची. म्हणून काही ठेकेदार त्याआधीच 'ब्रेक' द्यायचे. हे मला ऐकून माहीत होतं. आपल्याच घरात चाललं होतं, हे माहीत नव्हतं.

एक गॅप एप्रिल ते ऑगस्ट 2015चा होता. स्क्रीनवर बोट तिथंच थांबलं. ते माझ्या बीटेकच्या ॲडमिशनचं वर्ष. अण्णा प्रत्येक फेरीला माझ्यासोबत आले होते. मी विचारायचो, "काम?" ते म्हणायचे, "सुट्टी शिल्लक आहे रे खूप."

आईला विचारलं. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पहाटे फिरायला जायचे ना, ते जाधववाडीला जायचे." जाधववाडी म्हणजे आमच्या जवळचं मार्केट यार्ड. अण्णा तिथं पोती उचलायचे. घरी येताना कोथिंबिरीची जुडी आणायचे, अंगाला कांद्याचा वास यायचा. आणि मी, अठरा वर्षांचा शहाणा, म्हणालो होतो, "अण्णा, माझ्या कॉलेजला येताना तरी आंघोळ करून येत जा."

ते हसले होते. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले.

हे वाक्य मला आता परत घेता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

नावं दुरुस्त करायला तेव्हा संयुक्त घोषणापत्र लागायचं, त्यावर मालकाची सही लागायची. एक ठेकेदार तर धंदा बंद करून गेलेला. सात महिने लागले. शेवटी फॉर्म 20, 10-डी आणि 5-आयएफ भरले, आणि आईची पेन्शन सुरू झाली.

तर मंडळी, तुमचे आई-वडील ठेकेदारीवर असतील तर आज त्यांच्या शेजारी बसा. त्यांचा यूएएन उघडा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. ई-नॉमिनेशन भरा. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना ईडीएलआयचा विमा मिळतो, 2021पासून कमाल 7 लाख. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं.

आणि हिस्टरीत एखादा गॅप दिसला, तर विचारा, "तेव्हा काय करत होतात?" ते सांगायला आहेत, तोवर विचारा.

मी अजूनही हर्सूलला गेलो की टी पॉइंटला दोन मिनिटं थांबतो. सिल्लोडची एसटी येते, थांबते, निघून जाते.