गाणं पाठ आहे, चित्रपट पाहिलाय का?



जुनी मराठी चित्रगीतं आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर ऐकायची सवय आहे. निवेदकानं सांगायच्या आत आपण गायिकेचं नाव सांगतो, संगीतकार ओळखतो. पण हे गाणं चित्रपटात कोण म्हणतं, कुठे म्हणतं, असं विचारलं की भले भले दर्दी गप्प होतात. तबकड्यांनी आणि रेडिओनं ही गाणी घरोघर पोचवली खरी, पण चित्रपटातून सुटी करून. म्हणून आज मी तुम्हांला गाणी सुचवणार नाही. ती तुम्हांला पाठच आहेत. मी सुचवणार आहे त्यांचे चित्रपट.

सुरुवात 'संत तुकाराम'पासून करू या. १९३६ सालचा प्रभातचा चित्रपट. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, संगीत केशवराव भोळ्यांचं. यात तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो आहे. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा अगदी साध्या चालीत, डोळे मिटून म्हणतात. सालोमालो म्हणायला लागला की ताना, हातवारे, नाटकी ठसका! खरा कोण आणि उसना कोण, हे दिग्दर्शकांनी नुसत्या गाण्यातून दाखवलंय, त्यासाठी वेगळा संवाद लागत नाही. याच चित्रपटातला बीज आणि झाडाचा दृष्टांत देणारा अभंग कित्येकजण तुकोबांचाच समजतात. पण गाथेत शोधलात तर तो सापडायचा नाही. तो लिहिलाय शांताराम आठवले यांनी. आणि हो, गौरीनं केलेली आवली चुकवू नका. नवरा विठ्ठलात रमलेला, घरात दाणा नाही, पोरं भुकेली. अशा बाईचा संताप आणि जिव्हाळा दोन्ही तिच्या एकाच वाक्यात ऐकू येतात. मुंबईत हा चित्रपट वर्षभराहून जास्त चालला आणि पुढे व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली.

दुसरा 'कुंकू', १९३७ सालचा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेला. शांता आपटे यांची नीरा फसवणुकीनं एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधली जाते, आणि ती हा संसार ठामपणे नाकारते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. प्रसंग कितीही हळवा असो, कुठून तरी व्हायोलिनं येत नाहीत. ज्या आवाजाला पडद्यावर कारण आहे, तोच आवाज तुमच्या कानावर पडतो. केशवराव दात्यांनी रंगवलेल्या या वकिलाच्या, काकासाहेबांच्या घरातलं ते जुनं घड्याळ नीट ऐका. माणसाचं सरत चाललेलं वय त्या टिकटिकीत मोजलं जातं. गाण्यालाही इथे असंच कारण असावं लागतं. नीरा ग्रामोफोनच्या साथीनं चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. मास्टर परशुरामांचं जे गाणं आपण रेडिओवर वर्षानुवर्षं ऐकतो, ते इथे रस्त्यावरच्या एका भिकाऱ्याच्या तोंडी आहे. सुटं ऐकलं तर ते उपदेशाचं वाटतं. एकटीनं लढणाऱ्या नीराच्या गोष्टीत ऐकलं की त्याच शब्दांचा धीर होतो.

शांतारामांचाच 'माणूस', साल १९३९. शांता हुबळीकरांचं उद्याची चिंता सोडा म्हणणारं गाणं लग्नाच्या वरातीतही शोभेल इतकं खेळकर आहे. अनंत काणेकरांचे शब्द, मास्टर कृष्णरावांची चाल. पण चित्रपटात ते मैना म्हणते, वेश्यावस्तीतल्या माडीवर, निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या गिऱ्हाइकांपुढे, त्यांच्या त्यांच्या भाषेतली कडवी पेरून. जिला उद्याच नाही, ती उद्याची फिकीर नको म्हणते. शाहू मोडकांचा पोलीस शिपाई गणपत तिला या वस्तीतून बाहेर काढू पाहतो. पुढे काय होतं ते मी सांगत नाही. मात्र चित्रपट पाहून झाल्यावर ते गाणं तुम्हांला पुन्हा पूर्वीसारखं ऐकता येणार नाही, एवढं नक्की.

आता प्रभातच्या पुण्यातून कोल्हापुरात जाऊ. भालजी पेंढारकरांचा १९६५ चा 'साधी माणसं'. यातलं लोहाराच्या भात्यावरचं गाणं माहीत नाही असं मराठी घर विरळा. सूर्यकांत आणि जयश्री गडकर, लोहार नवरा-बायको. भट्टी पेटलेली, घण ऐरणीवर पडतोय आणि त्या घणाच्या ठोक्यावर गाण्याचा ताल चाललाय. इथे देवपूजा आणि कष्ट वेगळे काढता येत नाहीत. संगीतकाराचं नाव श्रेयनामावलीत 'आनंदघन' असं आहे. राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांसमोर उघड झालं की आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. भालजींच्याच 'मोहित्यांची मंजुळा' आणि 'मराठा तितुका मेळवावा'चं संगीतही आनंदघनचंच आहे. ज्यांना लताबाई फक्त गायिका म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी या तीन चित्रपटांची गाणी ओळीनं ऐकावीत.

राजा परांजप्यांच्या 'जगाच्या पाठीवर'बद्दल, म्हणजे १९६० च्या चित्रपटाबद्दल, एकच गोष्ट सांगतो. गदिमांचं आणि सुधीर फडक्यांचं सुखदुःखाच्या धाग्यांचं ते गाणं आपण तत्त्वज्ञान म्हणून ऐकतो. चित्रपटात ते तुरुंगातल्या कैद्याचं गाणं आहे. फडक्यांच्या आवाजातला संयम कुठून आला, ते तेव्हा कळतं.

आणि शेवटचा 'जैत रे जैत', १९७७ चा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, गीतं ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. गोष्ट ठाकर आदिवासींची. मधमाशी डोळ्याला डसली म्हणून नाग्या लिंगोबाच्या सुळक्यावरचं मोहोळ उतरवायला उठतो, आणि चिंधी जिवावर उदार होऊन त्याच्या पाठीशी उभी राहते. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. इथे गाणी गोष्टीच्या मध्ये येत नाहीत, गोष्टच गाण्यांतून पुढे सरकते. यातली प्रेमगीतं आज गाण्यांच्या कार्यक्रमांत हमखास होतात. त्या प्रेमाची किंमत काय पडली, हे कळायला मात्र शेवटपर्यंत बसावं लागतं.

जुना चित्रपट संथ वाटतो, अशी तक्रार तरुण मंडळी करतात. पहिली दहा मिनिटं ती खरीही असते. पण या दिग्दर्शकांना गाण्यातून गोष्ट सांगता येत होती, म्हणून त्यांना घाई नव्हती. हल्ली हातातल्या फोनवर चित्रपट बघताना गाणं आलं की बोटानं पुढे सरकवायची सवय लागली आहे. या चित्रपटांत तसं केलंत, तर गोष्टच हातची जाईल.

तेव्हा येत्या रविवारी 'कुंकू'पासून सुरुवात करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, आवाज थोडा मोठा ठेवा, आणि कृपा करून एकही गाणं पुढे ढकलू नका.