मनोरुग्णालयाच्या दारापूर्वी



पांढरकवड्यापासून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. केळापूर तालुक्यातील एखाद्या पोडावर माणूस एकाएकी बरळू लागला, की नातलग आधी भगताकडे धाव घेतात. तेथे गुण आला नाही, तर उसनवारी करून गाडीने थेट नागपूर गाठतात. या दोहोंच्या मध्ये जी गोष्ट व्हावयास हवी, तीच पुष्कळदा राहून जाते. ती म्हणजे वेळेवर तपासणी.

एकाएकी उद्भवलेला प्रत्येक भ्रम म्हणजे वेड नव्हे. मेंदूत गेलेला हिवताप, रक्तातील घटलेली साखर, डोक्याला लागलेला मार, अचानक सुटलेली दारू, कीटकनाशकाची बाधा, यांतही माणूस बरळतो. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, याचा विसर पडता कामा नये. अशा रुग्णाचा एकेक तास मोलाचा असतो. ताप, नाडी, रक्तदाब, साखर, हिवतापासाठी रक्त, एवढे तरी तालुक्याच्या गावी पाहता येते. ते न पाहता त्याला दीडशे किलोमीटर नेणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळणे होय.

१९१२ च्या कायद्याने वेड हा मुख्यतः बंदोबस्ताचा विषय मानला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला हक्क दिले. स्वतः निर्णय घेण्यास जो असमर्थ आहे, त्याला प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करावयाचे, तर त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी त्याची स्वतंत्र तपासणी केली पाहिजे. त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ असला पाहिजे. हा प्रवेशही प्रथमतः ३० दिवसांपुरताच असतो. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. म्हणजे पहिली जबाबदारी गावाजवळच्या डॉक्टरची आहे.

परंतु कोलामी बोलणाऱ्या बाईचे बोलणे डॉक्टरला उमगले नाही, तर ते असंबद्ध ठरण्याचा धोका असतो. अज्ञान डॉक्टरचे आणि शिक्का मात्र तिच्या कपाळी, हा कोठला न्याय?

म्हणून प्रत्येक तालुक्यात ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णासोबत लेखी तपासणीपत्र आणि भाषा जाणणारा दुभाषी, या तीन मागण्या कार्यकर्त्यांनी लावून धराव्यात. आणि मागणी मान्य होईपर्यंत गाडी नागपूरच्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती दवाखान्याच्या दारी उभी करावी. एवढे काम कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता उद्यापासून करता येईल.