अंगठा आणि अनुमती

रायपूरच्या रेल्वे स्थानकापलीकडे, रुळांच्या दुसऱ्या अंगास, गुढियारी नावाची पेठ आहे. किराणा आणि धान्य यांचा घाऊक व्यापार तेथे चालतो. आसपासच्या खेड्यांतून सकाळी माणसे येतात, दिवसभर पाठीवर गोणी वाहतात आणि अंधार पडू लागला की परततात. अशा गजबजलेल्या जागी खाजगीपणाचा विचार करावयास निघणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. जेथे भाव ओरडून सांगावयाचा आणि वजन चारचौघांत करावयाचे, तेथे खाजगी असे काय उरणार?

वस्तुतः खाजगीपणाची कल्पना बाजाराइतकी कोणालाच उमगलेली नाही. महाराष्ट्रातील गुरांच्या बाजारात एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घेणारा आणि दलाल हातांवर रुमाल टाकतात व त्याखाली बोटे दाबून भाव ठरवितात. भोवती माणसांचा गराडा असतो; बैल सर्वांना दिसतो, भाव मात्र त्या दोघांपुरता राहतो. काही पाप झाकावयाचे आहे म्हणून तो रुमाल टाकलेला नसतो. कोणती गोष्ट कोणाला आणि कितपत कळू द्यावयाची हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढाच त्याचा अर्थ. पेढीवरच्या वहीचेही तेच. एका गिऱ्हाइकाची उधारी दुसऱ्यासमोर वाचून दाखविणारा व्यापारी फार काळ व्यापार करू शकत नाही. वही सर्व काही जाणत असे, पण ती पेढीवरून हलत नसे. आणि ती कोणाच्या हाती आहे हे गावाला ठाऊक असे.

आज माणसाची माहिती वहीत मावत नाही. ती नावाच्या, क्रमांकाच्या आणि विशेषतः अंगठ्याच्या रूपाने यंत्रात जाते आणि यंत्रातून कोठे जाते ते देणाऱ्यास दिसत नाही. म्हणून अंगठ्याचा थोडा पूर्वेतिहास पाहणे येथे उपयोगी पडेल.

बोटांच्या ठशांचा राज्यकारभारात उपयोग ही आपल्याच देशात वाढलेली विद्या आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे सही नाकारण्याचे त्यास धैर्य होऊ नये, हा त्यातील उद्देश. याच प्रयोगातून वाढत वाढत १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे कार्यालय उभे राहिले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी ठशांचे वर्गीकरण करण्याचे काम तेथे केले. ठसा जन्मास आला तो देणाऱ्याचे रक्षण करण्यासाठी नव्हे, तर त्याला बांधून ठेवण्यासाठी, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सावकाराच्या कोऱ्या कागदावर उमटलेल्या अंगठ्यांनी किती जमिनी गिळल्या हे मराठी मुलुखाला निराळे सांगावयास नको. अंगठा ही खूण आहे. ती अनुमती नव्हे. अनुमतीसाठी कागदावर काय लिहिले आहे ते कळावे लागते.

तथापि अंगठ्याचा दुसराही एक अध्याय आहे, आणि तो वगळला तर अन्याय होईल. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्याजवळ जन्माचा दाखला नाही, जमिनीचा कागद नाही, ज्यांना कचेरीच्या दारात 'तू कोण?' या प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते, त्यांना उत्तर मिळावे हा त्या योजनेचा हेतू होता, आणि तो क्षुद्र नव्हता. रायपूर शहरानेही या दिशेने एक स्मरणीय पाऊल टाकले आहे. २०१२ साली येथे शिधावाटपाची अशी संगणकीय व्यवस्था सुरू झाली की शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला आपल्या पसंतीच्या शिधादुकानातून धान्य घेता यावे. एका दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून असलेला माणूस दुसऱ्या दुकानाकडे वळू लागला. यंत्रामुळे गरिबाच्या हाती निवड आली. यंत्र म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण त्याच अंगठ्याचा बाजार कसा मांडला जातो, तेही पाहिले पाहिजे. रस्त्याच्या कडेला छत्री उभारून मोबाइलचे सिम विकणारा बसलेला असतो. गोणी वाहणारा एखादा हमाल त्याच्याकडे येतो. यंत्रावर अंगठा ठेवला जातो. विक्रेता म्हणतो, ठसा नीट उठला नाही, पुन्हा ठेवा. हमालास ते खोटे वाटण्याचे कारण नसते. वर्षानुवर्षे ओझी उचलून ज्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा शिधादुकानातही पहिल्या वेळी ओळखला जात नाही. तो पुन्हा अंगठा ठेवतो. पहिल्या ठशावर त्याचे सिम निघते. दुसऱ्या ठशावर दुसरे, जे त्याला कधीच दिसत नाही. ते दूरदेशी बसलेल्या एखाद्या ठकाच्या हाती पडते आणि त्यावरून कोणा निवृत्त शिक्षकाला दूरध्वनी जातो की तुमच्यावर अटकेचा हुकूम निघाला आहे. फसवणूक झालेला मनुष्य पुण्यात वा नागपुरात असतो, फसविणारा आणखी कोठे असतो, आणि पोलिसांच्या कागदावर नाव उमटते ते गोणी वाहणाऱ्याचे.

ही कल्पित भीती नव्हे. दोनदा अंगठा घेण्याची ही युक्ती देशात ठिकठिकाणच्या पोलीस तपासांत उघड झालेली आहे. २०२५ साली रायपूरच्या पोलिसांनी 'ऑपरेशन सायबर शील्ड' या नावाने जी मोहीम चालविली तिच्यात लबाडीने सिम विकणारे जसे सापडले तसेच आपले बँक खाते परक्याला वापरावयास देणारेही सापडले. या दुसऱ्या वर्गातील सगळेच भोळे असतात असे नाही. थोड्या पैशांसाठी खाते, पासबुक आणि कार्ड दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा मनुष्य आपण काय विकले हे अर्धवट जाणत असतो. पण अर्धवटच. आपल्या नावाने लाखोंची चोरी वाहून जाणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत हे आता केंद्र शासनाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर पाहता येते व परकी जोडणी बंद करविता येते. एका व्यक्तीस बहुतेक राज्यांत नऊपर्यंतच जोडण्या घेता येतात. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविले तर ते मधल्या खात्यात अडविले जाण्याची शक्यता असते. येथे तासांचे नव्हे, मिनिटांचे मोल आहे. बँकेतून अंगठ्याने पैसे काढण्याची ज्यास गरज नाही, त्याने आधारवरील आपले ठसे कुलूपबंद करून ठेवावेत, तशी सोय आहे. ज्याला खेड्यातील बँकमित्राकडूनच मजुरी मिळते त्याला मात्र हे कुलूप सदैव लावून ठेवणे परवडत नाही. उपदेश करताना ही अडचण सोयीस्करपणे विसरली जाते.

सारा दोष सामान्य माणसाच्या अज्ञानावर ढकलणे कचेऱ्यांना आवडते. पण कचेऱ्यांचे वर्तन तरी कसे आहे? एप्रिल २०१७ मध्ये शेजारच्या झारखंड राज्यात सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक सर्वांना दिसू लागले. कोणा चोराने भिंत फोडली नव्हती. घरधन्यानेच कपाट अंगणात आणून ठेवले होते. काही राज्यांत जमीन-नोंदणीचे दस्तऐवज अंगठ्यांच्या ठशांसकट संकेतस्थळावर ठेवले गेले, आणि ते ठसे रबरासारख्या पदार्थावर उतरवून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे घडले. परवलीचा शब्द चोरीस गेला तर नवा घेता येतो. अंगठा नवा कोठून आणावयाचा?

मे २०२२ मधील एक प्रसंग या बाबतीत बोलका आहे. आधारची छायाप्रत कोणत्याही संस्थेस सहजासहजी देऊ नका, शेवटचे चारच अंक दाखविणारी झाकलेली प्रत वापरा, अशी सूचना आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने काढली. दोनच दिवसांत, सूचनेचा गैरअर्थ होईल म्हणून, ती मागे घेण्यात आली. सूचना मागे गेली तरी तिच्यातील शहाणपण मागे घेण्याचे कारण नव्हते. झाकलेली प्रत आजही मिळते व वापरता येते. साधी प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली हे शाईने आडवे लिहून द्यावे, ही जुन्या कारकुनांची सवयही काही वाईट नाही.

आता कायद्याचे पाहू. या विषयाच्या न्यायालयीन इतिहासात या प्रदेशाचे एक पान आहे. छत्तीसगड ज्या काळी मध्य प्रदेशाचा भाग होता, त्या काळी तेथील पोलीस नियमावलीचे ८५५ व ८५६ हे नियम सराईत गुन्हेगार समजल्या गेलेल्या माणसावर पाळत ठेवण्याची व रात्री त्याच्या घरी जाऊन चौकशी करण्याची मुभा देत. गोविंद नावाच्या एका नागरिकाने त्यांस आव्हान दिले. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केले नाहीत, पण त्यांचा वापर मर्यादित करावयास सांगितले आणि खाजगीपणा हाही हक्क असू शकेल हे तत्त्वतः मानले. दार असे किलकिले झाले. ते पूर्ण उघडावयास २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या नऊंत धनंजय चंद्रचूड, नागपूरचे शरद बोबडे आणि मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयातून पुढे गेलेले अभय मनोहर सप्रे अशी तीन मराठी नावे होती. चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात आणीबाणीतील १९७६ चा जबलपूर प्रकरणाचा निवाडा चुकीचा ठरविला. त्या निवाड्यातील बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. पित्याच्या चुकीची दुरुस्ती पुत्राने इतक्या उघडपणे करावी, असे प्रसंग न्यायालयांच्या इतिहासात विरळा.

त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. या कायद्याच्या मुळाशी अनुमतीची कल्पना आहे. अनुमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती आणि समजून दिलेली असावी. ती परत घेण्याचा हक्क असावा. आणि ती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय असावी. म्हणजे रायपुरात राहणाऱ्या मराठी गृहिणीस ही सूचना मराठीत मागता येईल. तरतूद उत्तम आहे, पण छत्तीसगढी ही भाषा त्या परिशिष्टात नाही, त्यामुळे गुढियारीच्या हमालाला ती सूचना त्याच्या बोलीत मागण्याचा हक्क नाही, एवढे येथे नमूद करावयास हवे. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत जाते. मात्र मुख्य कलमे अधिसूचनेप्रमाणे अठरा महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, अमलात यावयाची आहेत. आणि शासनाच्या काही अंगांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने आपल्या हाती राखला आहे. व्यापाऱ्याला दंड आणि राज्याला सवड, अशी ही मांडणी समाधानकारक म्हणता येत नाही.

कायदा उंबरठ्याच्या आत आला की प्रश्न अधिकच नाजूक होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिलासपूरच्या छत्तीसगड उच्च न्यायालयाने, महासमुंदच्या एका दाव्यात, पत्नीचे दूरध्वनीवरील संभाषण तिच्या नकळत टिपून घेणे हा तिच्या खाजगीपणाचा भंग आहे असे म्हटले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात असे मुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते असा निर्णय दिला, तेव्हा त्या बाबतीत आता हाच निर्णय प्रमाण. पण त्याच महिन्यात छत्तीसगड उच्च न्यायालयाने हेही सांगितले की पतीला पत्नीच्या मोबाइलचा वा बँकेचा परवलीचा शब्द सक्तीने मागता येत नाही. विवाहास दिलेली संमती ही प्रत्येक पत्रास, प्रत्येक निरोपास दिलेली संमती नव्हे. पूर्वी पतीच्या नावाचे पत्र पत्नीने आणि पत्नीच्या माहेरचे पत्र पतीने न फोडता हाती द्यावे, असा सभ्य घरांचा दंडक होता. तो साऱ्याच घरांत पाळला जात असे असे नाही. पण मोडणाराला निदान पाकीट फाडावे लागत असे, आणि फाटलेले पाकीट दिसे.

आज काही फाटत नाही, ही खरी अडचण. उचललेली माहिती जागच्या जागीच असते आणि तरीही गेलेली असते. पेठेतील झेरॉक्सच्या दुकानाचेच घ्या. गिऱ्हाईक प्रत घेऊन निघून जाते. यंत्रात अडकलेली, फिकी वा तिरपी उमटलेली दुसरी प्रत पायाशी ठेवलेल्या खोक्यात पडते. महिनाअखेरीस खोके रद्दीवाल्याकडे जाते. मागे उभे राहून ती बिघडलेली प्रत परत मागणारे गिऱ्हाईक दुकानदाराला संशयी आणि कटकटे वाटते. संध्याकाळी गाडीची वाट पाहणारा कोणी शेंगदाण्याची पुडी सोडतो, तेव्हा कधी कधी कागदाच्या आतल्या बाजूस एखाद्याचे धूसर छायाचित्र, जन्मतारीख आणि बारा अंक सापडतात.