शिट्टी तीच, निर्णय वेगळा



मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की इथल्या वडीलधाऱ्यांना फेब्रुवारी १९८१ आठवत असेल. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या चेंडूवर ७० धावांवर पायचीत दिल्यानंतर सुनील गावसकर जोडीदार चेतन चौहानलाही घेऊन मैदानाबाहेर निघाले होते. चेंडू आधी बॅटला लागला, हे त्यांचं म्हणणं. सीमारेषेपाशी संघव्यवस्थापकांनी चौहानना अडवलं, म्हणून ती कसोटी पुढे चालू राहिली आणि आपण ती जिंकलोही. त्याच मैदानावर हिवाळ्यात दुसरा खेळ चालतो, ऑस्ट्रेलियन फुटबॉल. पंचांविषयीचा तसाच संताप तिथे दर आठवड्याला उसळतो. आज त्या संतापाविषयी बोलायचं आहे, कारण माझ्या मते तो बराचसा रास्त आहे, फक्त त्याचा रोख चुकतो.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले नियम मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी १८५९ साली लिहून काढले. त्यांत टॉम विल्स हा नावाजलेला क्रिकेटपटू होता. अंडाकृती मैदान, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, ऑफसाइड नावाची भानगड नाही. चेंडू हातात घेऊन पळता येतो, पण फेकता येत नाही. तो लाथेने किंवा मुठीने मारूनच पुढे द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला किंवा मधल्या खांबाला लागला तर एक. चारी दिशांनी माणसं अंगावर येत असतात. अशा खेळात पंचाचं काम सोपं असणं शक्यच नाही.

प्रेक्षक सगळ्यांत जास्त चिडतो तो ‘होल्डिंग द बॉल’ या नियमावर. खेळाडूकडे चेंडू आहे आणि प्रतिस्पर्ध्याने त्याला मिठी मारून खाली पाडलं. त्या क्षणी अख्खं स्टेडियम ‘बॉऽऽल!’ म्हणून ओरडतं. पंचाने पाहायचं असतं की पकडला जाण्याआधी या खेळाडूला चेंडू देऊन टाकायची संधी होती का. होती, तर त्याने तो ताबडतोब आणि नियमाप्रमाणे द्यायलाच हवा, नाहीतर फ्री किक समोरच्याला. संधी नव्हती, तर त्याने निदान मनापासून प्रयत्न केला का, की चेंडू पोटाशी धरून नुसता पडून राहिला? शिवाय ती पकड खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर होती का? पाठीवर ढकललं तर नाही? हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर ठरवायचं, तेही पाचसहा शरीरांचा ढीग समोर असताना. ‘संधी’ म्हणजे किती पावलं, ‘मनापासून’ म्हणजे काय, याला मोजपट्टी नाही. म्हणून सामन्याच्या पहिल्या सत्रात ज्याला फ्री किक मिळते, त्याच प्रसंगाला तिसऱ्या सत्रात ‘खेळ चालू’ म्हटलं जातं. प्रेक्षकाने दोन्ही पाहिलेलं असतं. त्याला नियम कळत नाही असं म्हणून त्याची बोळवण करणं हा त्याचा अपमान आहे.

त्यात भर घालतात ते खेळ चालवणारे. २०२४ चा हंगाम अर्ध्यावर आलेला असताना एएफएलने, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने, याच नियमाचा अर्थ कडक केला: पकडल्या गेलेल्या खेळाडूला चेंडू सोडायला मिळणारा वेळ कमी करायचा. हेतू वाईट नव्हता. पण एप्रिलमध्ये जे चालत होतं त्यावर जूनमध्ये शिट्टी वाजू लागली, आणि गुणतक्त्यात मात्र दोन्ही महिन्यांचे गुण सारख्याच मोलाने धरले गेले. त्याआधी २०२२ मध्ये पंचांशी हुज्जत घालण्यावर बंदी आली. निर्णयावर नुसते हात पसरले तरी चेंडू समोरच्या संघासाठी ५० मीटर पुढे नेण्याचा दंड होऊ लागला. काही आठवडे धडाक्याने, मग तुरळक. प्रेक्षकाला बंदी नको होती असं नाही. आज जे चुकीचं ठरलं ते पुढच्या शनिवारीही चुकीचं ठरावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

उपाय म्हणून माणसं वाढवली गेली. १९७५ पर्यंत मैदानात एकच मुख्य पंच पळत असे. १९७६ पासून दोन, १९९४ पासून तीन, २०२३ पासून चार. शिवाय सीमारेषेचे आणि गोलचे पंच वेगळेच. पंचांची दमछाक कमी झाली, चेंडूजवळ पोचायला वेळ कमी लागू लागला, हे खरं. पण चार माणसं म्हणजे चार अंदाजही आले. मैदानाच्या या टोकाला एकाची नजर, त्या टोकाला दुसऱ्याची. मला हा उपाय अपुरा वाटतो.

तंत्राचंही तेच. २००९ च्या अंतिम सामन्यात जिलाँगच्या टॉम हॉकिन्सचा चेंडू खांबाला लागूनही गोल दिला गेला. प्रतिस्पर्धी सेंट किल्डा १२ गुणांनी हरले. २०१२ पासून व्हिडिओ तपासणी आली. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ॲडलेड ओव्हलवर काय झालं ते पाहा. सिडनीविरुद्ध ॲडलेड दोन गुणांनी मागे, जेमतेम मिनिटभराचा खेळ बाकी. बेन कीजने चेंडू मारला, तो आत गेला. गोल पंचाला वाटलं खांबाला घासला, म्हणून एकच गुण. चित्रफितीत दिसलं की चेंडू खांबाला लागलाच नव्हता. तपासणी का झाली नाही? गोल दिला तर चेंडू मध्यभागी न्यावा लागतो, तपासायला उसंत मिळते. एका गुणाचा निर्णय झाला की बचाव करणारा संघ लगेच चेंडू मारून मोकळा होतो. पंचाला स्वतःबद्दल खात्री होती, त्याने तपासणी मागितलीच नाही. ॲडलेड एका गुणाने हरलं आणि त्यांची पुढच्या फेरीची आशा संपली. दुसऱ्या दिवशी एएफएलच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. निकाल कायम राहिला.

इथे चाहत्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. दोन्ही संघांच्या फ्री किक मोजून पक्षपात सिद्ध होत नाही. २०१६ च्या अंतिम सामन्यात वेस्टर्न बुलडॉग्जना २० आणि सिडनीला ८ फ्री किक मिळाल्या. हा आकडा सिडनीचे लोक अजून उगाळतात. पण चेंडूवर आधी पोचणारा संघ जास्त वेळा पकडला जातो, त्याच्यावर चुकीच्या पकडीही जास्त होतात. आकड्यामागचे प्रसंग पाहिल्याशिवाय बोलू नये. आणि एके काळी पांढऱ्या पोशाखावरून पंचांना किड्यांची उपमा देत जे आवाज उठायचे, ते आज गल्लीतल्या सामन्यात शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांवर पडतात. तिथे स्थानिक क्लबांना पंच मिळेनासे झाले आहेत. वरच्या पातळीवरचे बहुतेक पंचही दुसरी नोकरी सांभाळून हे काम करतात. शिव्या त्यांना देऊन काही सुधारणार नाही. नियमाचं मोघम वाक्य लिहिणारा माणूस मैदानावर नसतोच.

करता येण्यासारखी एक गोष्ट मला अगदी स्पष्ट दिसते. एएफएलच्या पंचांच्या अंगावर माइक असतो. घरी टीव्ही पाहणाऱ्याला ‘आधी संधी नव्हती, खेळ चालू’ हे त्यांचं बोलणं ऐकू येतं. तिकीट काढून थंडीत बसलेल्या माणसाला मात्र फक्त शिट्टी ऐकू येते, आणि त्याच्या पोटात गोळा येतो. २०२३ च्या महिला फुटबॉल (सॉकर) विश्वचषकात ऑस्ट्रेलियातल्याच स्टेडियममध्ये पंचांनी व्हिडिओ तपासणीनंतरचा निर्णय भोंग्यावरून सगळ्यांना सांगितला. आभाळ कोसळलं नाही. तेच इथे व्हावं. कारण उघड झालं की पुढच्या वेळी तेच कारण लागू करावं लागतं, कारण ऐकणारे पन्नास हजार साक्षीदार असतात.

आपल्यातल्या कित्येकांची मुलं-नातवंडं मेलबर्नला आहेत, आणि ती नातवंडं आता कुठल्या ना कुठल्या संघाचा मफलर गळ्यात घालून फिरतात. त्यांच्याबरोबर सामन्याला गेलात तर मनमोकळं ओरडा. पण घरी आलात की पंचाचं नाव शोधत बसू नका. एएफएलला पत्र लिहा, आणि दोनच गोष्टी मागा: हंगाम सुरू झाल्यावर नियमाचा अर्थ बदलू नका, आणि निर्णयाचं कारण मैदानातल्या माणसालाही ऐकू द्या.