प्रवास एक, तिकिटे तीन



वसमतहून रोज नांदेडला कामास जाणारी एखादी बाई घ्या. घरापासून स्टँडपर्यंत रिक्षा, पुढे एस.टी., नांदेडात उतरल्यावर पुन्हा रिक्षा. रेल्वेने जावे तर पूर्णा जंक्शनचा वळसा. प्रवास एक, पैसे मात्र तीनदा मोजायचे. २०२३ पासून तिला एस.टी.त अर्धे तिकीट पडते. रिक्षात ती सवलत नाही. एस.टी.चा मासिक पास आहे: २० दिवसांचे भाडे भरा, ३० दिवस फिरा. रेल्वेचाही आहे, १५० किलोमीटरपर्यंतचा. परंतु एस.टी. चुकली म्हणून तो पास रेल्वेत चालत नाही आणि रेल्वेचा पास कंडक्टर मानीत नाही. रिक्षाला तर पासच नाही.

ही फारकत पूर्वापार नव्हे. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेनेच मोटार खाते काढले. २७ बसगाड्या, १६६ नोकर. रूळ आणि रस्ता एकाच धन्याकडे होते. (धनी गुणाचा होता, असे आमच्या तोंडून वदवून घेऊ नका!) पुढे राज्ये बदलली. बस राज्याकडे गेली, रेल्वे केंद्राकडे राहिली.

धनी दोन झाले, म्हणून पासही दोन हवेत काय? जर्मनीतील हांबुर्ग शहराने गेल्या शतकाच्या साठच्या दशकात निराळ्या मालकांच्या आगगाड्या आणि बसगाड्या एका भाडेपत्रकाखाली आणल्या. उत्पन्न एकत्र करायचे आणि ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचे. त्याच देशात मे २०२३ पासून ४९ युरोंत महिनाभर देशातील सर्व स्थानिक गाड्या-बस असा पास निघाला. तूट सरकार सोसते. तरी २०२६ साली तो ६३ युरोंवर गेला. उलट हेलसिंकीत एक खाजगी कंपनी मध्ये उभी राहून असे पास विकू लागली. तिचे स्वतःचे एकही चाक नव्हते. २०२४ साली तिचे दिवाळे निघाले.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत ११ संस्थांची तिकिटे एका मोबाइलवर आणली. सोय खरी, पण ती तिकिटांची जुडी झाली, स्वस्त पास झाला नाही. मोबाइलवर जोडणे सोपे असते. भांडण होते ते पैशाच्या वाटणीवर, आणि तेथेच कामगाराने डोळे उघडे ठेवावेत.

आठवड्याच्या बाजारी हातात पैसा येणाऱ्या माणसाने महिन्याचे भाडे आगाऊ कोठून भरावे? त्याला आठवड्याचा पास पाहिजे. रिक्षावाल्याचे तर संध्याकाळी पेट्रोलचे पैसे सुटले तरच घरी पीठ जाते. पासाचे पैसे महिन्याने मिळतील म्हटले, तर तो पासवाल्याला पाहून न पाहिल्यासारखे करील आणि आम्ही त्याला दोष देणार नाही.

म्हणून आमची मागणी लहान आहे. वसमत–नांदेड या एकाच मार्गावर एस.टी., रेल्वे आणि दोन्ही टोकांच्या रिक्षा मिळून आठवड्याचा एक पास काढून पाहा. एस.टी. आणि रेल्वे यांनी आपला हिशेब महिन्याने करावा; रिक्षावाल्याचे पैसे मात्र त्याच दिवशी, दिवे लागण्यापूर्वी, त्याच्या हातात पडावेत.