दिवा पेटला नाही, तर?



गणेशोत्सव जवळ आला, की मुंबईच्या उपनगरांतील चाळींत आणि सोसायट्यांत रात्रीची जागरणे सुरू होत. घाटकोपर असो, मुलुंड असो वा बोरिवली. कोणी पुठ्ठा कापी, कोणी रंग देई, तर कोणी लहानशा मोटरला चाक व दोरी जोडून देखाव्यातील गरुडाचे पंख हलवी. दिव्यांची माळ पेटली नाही, तर एकेक बल्ब तपासला जाई. एकसर जोडणीत एक बल्ब निकामी झाला, की सारी माळ अंधारते, हे मुलांना पुस्तकाआधी तेथे कळे. कला आणि विद्युतशास्त्र यांची ती कार्यशाळाच होती. फक्त तिला तसे नाव नव्हते.

आज पुष्कळ घरांत मखर तयार येते, माळ तयार येते आणि बंद पडली की कचऱ्यात जाते. पैसा थोडाच जातो. हातांचे शिक्षण मात्र कायमचे जाते.

या शिक्षणाचे मोल ओळखणारे डॉ. श्रीनाथ कलबाग अंधेरीच्याच हिंदुस्थान लिव्हर संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होते. मोठ्या पदाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभारला. शाळेत न रमलेली मुले तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी करता करता शिकू लागली. हाताने काम करताना बुद्धी जागी होते, हे या प्रयोगाचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ साली तेथे फॅब लॅब सुरू झाली. पुढच्याच वर्षी कलबाग गेले; काम थांबले नाही.

अलीकडचे उदाहरण ‘मेकर्स असायलम’चे. २०१३ साली मुंबईत सुरू झालेली ही सामाईक कार्यशाळा काही वर्षे अंधेरीत होती. लाकूडकाम, इलेक्ट्रॉनिक्स आणि कलाकुसर तेथे एका छपराखाली नांदत. २०२० साली कोरोनाच्या संकटात तिने संरक्षक फेस शील्ड बनविण्यास प्रारंभ केला आणि ते काम देशातील अनेक शहरांतील कार्यशाळांपर्यंत पोहोचले. २०२१ साली ही संस्था गोव्यास गेली.

शाळांमध्ये २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबची योजना आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु शाळेत समवयस्क मुलेच एकत्र येतात. वस्तीतील कार्यशाळेत निवृत्त वायरमन, रांगोळी काढणाऱ्या काकू आणि सातवीतला मुलगा एका सतरंजीवर बसतात. वायरमनकाकांचे ज्ञान त्यांच्याबरोबर संपू द्यायचे नसेल, तर ते याच सतरंजीवर पुढे जाईल.

त्यासाठी मोठा खर्च नको. पेन्सिल सेल दोन, लाल एलईडी एक, शंभर ओहमचा रोधक, थोडी तांब्याची तार आणि जाड कागद एवढे पुरे. दोन सेलचे तीन व्होल्ट होतात. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे जोडावा लागतो. कागदी पणतीची ज्योत उजळते, आकाशकंदिलाचे चित्र प्रकाशते. पथ्ये दोनच. मुलांनी घरातील २३० व्होल्टच्या विजेला हात लावायचा नाही आणि बटणासारखे सेल लहानग्यांच्या हाती द्यायचे नाहीत. ते गिळले गेल्यास जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट मोठ्यांसाठी. दिवा पेटला नाही, तर लगेच मुलाच्या हातातून तो काढून घेऊ नये. पाय उलटे लागले का, तार सैल आहे का, सेल उतरला आहे का, हे त्यालाच शोधू द्यावे. त्या दहा मिनिटांत तो जे शिकतो, ते तयार माळ विकत आणून मिळत नाही.

येत्या गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी प्रत्येक मंडळाने, प्रत्येक सोसायटीने एक रविवार यासाठी राखून ठेवावा. देखावा थोडा ओबडधोबड होईल. होऊ द्या. तो आपल्या मुलांनी केलेला असेल आणि बिघडला तर दुरुस्तही तेच करतील.